पाहुणी घरची झाल्यावर: वाँटेजमधल्या पंडिता रमाबाई

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. सोबत अडीच वर्षांची मनोरमाही होती. ही बातमी पुण्या-मुंबईला पोचली तेव्हा गदारोळ उठला. तेव्हापासून आजपर्यंत या घटनेबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलं: त्यांनी असं का केलं? मला या प्रकरणातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्मा होईपर्यंत ज्या घराने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती भगिनीसंघाने, त्यांना मायेने सांभाळलं, त्याच घराशी पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांचे इतके खटके का उडाले?

हा प्रश्न इतिहासापुरता नाही. नवी व्यक्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, येते तेव्हा आपण दारात उभं राहून स्वागत करतो, घरी जेवायला बोलावतो, आजारपणात धावून जातो. बाप्तिस्म्याच्या दिवशी टाळ्या वाजतात, फोटो निघतात. त्यानंतर सहा महिन्यांनी तीच व्यक्ती विचारते, ‘हे असंच का करायचं?’ आणि आपल्या कपाळाला आठ्या पडतात. वाँटेजमध्ये नेमकं हेच झालं, आणि आपलं भाग्य असं की त्याची कागदपत्रं शिल्लक आहेत. रमाबाई, भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील आणि काही बिशप यांच्यातली पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवली, लावून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. ज्या पत्रांत आपल्यालाच खडे बोल सुनावलेत तीही त्या बाईंनी फाडली नाहीत, यासाठी त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढे मी त्यांच्या वागण्यातल्या उणिवा दाखवणार आहे, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

आधीचं घर

रमाबाई वाँटेजला पोचल्या तेव्हा पाहुणचार ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट नव्हती. पाहुणचारापायी घर धुऊन निघतं म्हणजे काय, हे त्यांच्या घराण्याने भोगलं होतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून गावात वाद झाले, आणि ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. ती जागा तीर्थाची निघाली. यात्रेकरू बारा महिने येत, आणि अतिथीला जेवू घालणं हा धर्मच, म्हणून शास्त्रीबुवांनी कुणाला परत पाठवलं नाही. तेरा वर्षं हे चाललं आणि त्यात होतं नव्हतं ते संपलं. मग कुटुंब तीर्थाटनाला बाहेर पडलं. पुराणं सांगायची, मिळेल त्यावर राहायचं. १८७०च्या दशकातल्या दक्षिणेकडच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघंच उरले आणि चालत राहिले. १८७८ साली ती दोघं कलकत्त्याला पोचली.

तिथे रमाबाईंनी ख्रिस्ती लोकांचा पाहुणचार पहिल्यांदा पाहिला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, तो प्रसंग लिहिला आहे, आणि नव्या माणसाला आपण कसे दिसतो याचं इतकं चांगलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बहीण-भावाला एका मेळाव्याचं बोलावणं होतं. तिथले लोक त्यांना जातीचेच वाटत होते, पण ते इंग्रजांबरोबर बसून चहा-बिस्किटं घेत होते, आणि या दोघांनाही आग्रह करत होते. दोघांना धक्काच बसला. हेच ते कलियुग, असं त्यांना वाटलं. मग कुणीतरी एक पुस्तक उघडून वाचलं, सगळे आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसले आणि काही पुटपुटू लागले. समोर मूर्ती दिसेना. त्यामुळे हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करतात की काय, अशी शंका त्यांना आली. निघताना संस्कृत बायबलची प्रत हातात मिळाली. एवढी विदुषी, पण त्यातलं काही समजेना.

बोलावणाऱ्यांच्या मनात काही खोट नव्हती. त्यांनी अगत्य केलं, ग्रंथ दिला. पण समोर बसलेल्या दोघांना काय दिसतंय, काय कळतंय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पुढची चार वर्षं भराभर गेली. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न झालं, मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. सिल्चरच्या घरात लूकचं बंगाली शुभवर्तमान त्यांच्या हाती लागलं होतं, तिथल्या एका मिशनऱ्याकडून त्या थोडंबहुत समजूनही घेत होत्या. नवऱ्याला ते फारसं रुचलं नव्हतं. १८८२ साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पंचहौद मिशनमधल्या भगिनींची ओळख इथलीच, आणि नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांचीही.

बोलावणं आणि त्याच्या अटी

एप्रिल १८८३ मध्ये रमाबाई जहाजावर चढल्या त्या स्वतःच्या पैशाने. ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा राहिला होता. इंग्लंडमध्ये राहायची सोय वाँटेजच्या ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) भगिनीसंघाने केली. व्यवहार सरळ होता: भारतात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, आणि बदल्यात राहणं, जेवण, इंग्रजीचं शिक्षण. वैद्यकी शिकायचा विचार होता, पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला.

ही देवाणघेवाण मला या प्रकरणातली फार चांगली गोष्ट वाटते. पाहुणीलाही काही देता येत होतं. उपकाराखाली मान वाकवून राहायची वेळ निदान सुरुवातीला तरी तिच्यावर आली नाही. आपल्याकडे नव्याने आलेल्यांना आपण फक्त घेणारे समजतो. त्यांच्या हातात काय आहे, त्यांना काय येतं, हे विचारायचं राहूनच जातं.

सोबत आनंदीबाई भगत नावाची एक तरुण मैत्रीण होती. बाप्तिस्म्याच्या काही आठवडे आधी तिने वाँटेजमध्ये स्वतःचा जीव घेतला. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील या भीतीने तिला घेरलं होतं, असं ऑक्सफर्डचे संस्कृत पंडित माक्स म्युलर यांनी लिहून ठेवलं आहे. या धक्क्यानंतर रमाबाई काही दिवस त्यांच्याकडे ऑक्सफर्डला राहिल्या. भगिनींनी बळजबरी केली असं कोणी म्हटलेलं नाही, आणि मलाही तसं वाटत नाही. पण परक्या देशात, परक्या भाषेत, पूर्णपणे दुसऱ्याच्या अन्नावर राहणाऱ्या माणसाला यजमानाची साधी अपेक्षासुद्धा किती मोठी वाटू शकते, हे आनंदीबाईंच्या मृत्यूतून कळतं. या प्रकरणावर लिहिणारे तिला एका ओळीत उरकतात. तिच्या मनात काय चाललंय हे घरात कुणालाच वेळेवर कळलं नाही, ही गोष्ट मात्र कुठल्याही यजमानाने विसरू नये अशी आहे.

फुलहॅम

मग रमाबाई ख्रिस्ती कशाने झाल्या? वादविवादात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. बुद्धीच्या अडचणी सोडवायला फादर गोऱ्यांची पत्रं उपयोगी पडली, आणि ते साहजिकच होतं. गोरे स्वतः काशीतले शास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले, त्याच वाटेने आधी गेलेले. पण मन वळलं ते दुसरीकडे.

लंडनच्या फुलहॅम भागात भगिनींचं एक गृह होतं. समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून बाहेर टाकलं अशा बायका तिथे राहत, शिकत, पुन्हा उभ्या राहत. भगिनींनी रमाबाईंना ते दाखवायला नेलं. तिथे रमाबाईंनी पाहिलं की त्याच घरातून सावरलेल्या काही बायका आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करताहेत. अशा बायकांना हाताला धरून घरात घेणारं कुणी त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. धर्मशास्त्रात अशा स्त्रीसाठी काय लिहिलंय हे त्यांना तोंडपाठ होतं. परत आल्यावर त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं, तुम्ही लोक हे का करता? भगिनीने व्याख्यान दिलं नाही. योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

तो अध्याय पुन्हा वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरते. प्रभू येशू त्या बाईकडे पाणी मागतो, म्हणजे तोच पाहुणा होतो. यहुदी पुरुष, आणि यहुदी ज्यांचा विटाळ मानत त्या शोमरोनी लोकांतल्या बाईच्या हातचं पाणी! विटाळ म्हणजे काय हे जिने लहानपणापासून जगून पाहिलं, तिला ही गोष्ट किती खोल गेली असेल हे आपल्या मराठी वाचकांना वेगळं समजावून सांगावं लागू नये.

फुलहॅमला घेऊन जाणं हा माझ्या मते वाँटेजच्या भगिनींचा सर्वांत मोठा शहाणपणा. त्यांनी पाहुणीला बैठकीच्या खोलीत बसवून आपली शिकवण ऐकवली नाही. आपण कुणाला घरात घेतो ते दाखवलं. नवा माणूस मंडळीत येतो तेव्हा त्याला आपली चर्चची इमारत, गायनपथक, नाताळची रोषणाई दाखवतो आपण. मंडळीच्या दारात सगळ्यात खालचं माणूस आलं तर त्याचं काय होतं, हे तो न सांगता बघत असतो.

बाप्तिस्म्यानंतर

सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभ्या राहणाऱ्या) झाल्या. रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. नातं खरं होतं, दोन्ही बाजूंनी. मनोरमाचं खाणंपिणं, कपडे, आजारपण हे सगळं जेराल्डिन यांनी आपलं मानून केलं. १८८४पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या, आणि पत्रं वाढली. त्याच पत्रांत तंटा सुरू झाला.

पहिलं कारण जेवण. रमाबाई शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्या खात नसत. जेराल्डिन यांना यात जातीचा अहंकार दिसला: बाप्तिस्मा झाला, तरी ब्राह्मणपण सुटलं नाही. रमाबाईंचं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. तुम्हाला माझा अहंकार पुडिंगात आणि पाईत, दुधालोण्यात, भातात, पायातल्या बुटात आणि मोज्यांत शोधायचा असेल तर खुशाल शोधा, असं त्यांनी लिहिलं. मी हिंदी आहे आणि मला तसं म्हणवून घ्यायला आवडतं. पूर्वजांच्या ज्या चालीरीतींनी कुणाचं नुकसान होत नाही त्या मी पाळणार. आणि पुढे सवाल: एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली आणि तिने आपल्या निरुपद्रवी सवयी सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का?

जेराल्डिन यांचा संशय निराधार होता असं मला म्हणवत नाही. शाकाहाराच्या आडून जात टिकवणारे लोक आपण रोज बघतो, मंडळीच्या आतसुद्धा. नव्या ख्रिस्ती माणसाने पंगतीत कुणाशेजारी बसायला नकार दिला तर त्याला थांबवलंच पाहिजे. पण रमाबाईंनी कुणाबरोबर जेवायला नकार दिला नव्हता, फक्त ताटात काय घ्यायचं एवढं आपल्याकडे ठेवलं होतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच तंटा हाताळलाय, आणि तिथे तर चक्क शाकभाजी खाणाऱ्यांचाच उल्लेख आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. रोज बायबल वाचणाऱ्या घरात तो अध्याय त्या वेळी कुणाला आठवला नाही.

दुसरं कारण क्रूस. अंगावर घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असायचे. रमाबाईंचं म्हणणं, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. क्रूस घालायचाच असेल आणि त्यावर शब्द हवेतच असतील तर ते संस्कृत असू देत. संस्कृत देवाची भाषा म्हणून नव्हे, ती माझ्या मातृभूमीची सुंदर आणि प्राचीन भाषा आहे म्हणून. ब्राह्मणांना जसं संस्कृत पवित्र वाटतं तसं तुम्हाला लॅटिन वाटतं की काय, असंही त्यांनी विचारून टाकलं.

तिसरं कारण जास्त गंभीर. चेल्टनहॅममध्ये त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी एक सूचना पुढे आली. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला: पुरुषांना शिकवलं असं भारतात कळलं तर तिथल्या बायकांत हिचा काही प्रभाव उरणार नाही. रमाबाई संतापल्या. माझ्या वडिलांनी माझ्या आईला विद्यार्थ्यांना शिकवू दिलं, माझ्या नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, आणि आता इंग्रज लोक हरकत घेताहेत याचं मला आश्चर्य वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. ज्या बाईच्या आईला संस्कृत शिकवण्यापायी घरदार सोडून रानात जावं लागलं, तिला नव्या घरात तीच भिंत दिसली.

आणि सगळ्याच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल), काही विश्वासांगीकारांतल्या, म्हणजे चर्चच्या ठरीव श्रद्धावचनांतल्या, कठोर शब्दांबद्दल त्यांना शंका होत्या आणि त्या उघड विचारत होत्या. चर्चने सांगितलं म्हणून मान, हे जेराल्डिन यांचं उत्तर. त्यावर मे १८८५ मधल्या पत्रात रमाबाईंनी स्पष्ट केलं की मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे. आता तसलंच दुसरं जोखड मी मानेवर घेणार नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण बिशपांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही.

जेराल्डिन यांना हे कृतघ्नपणाचं वाटलं. इथेच या प्रकरणाची गाठ आहे. बाप्तिस्म्याआधी रमाबाईंचे प्रश्न म्हणजे शोध होता आणि घरातले सगळे त्याचं कौतुक करत होते. बाप्तिस्म्यानंतर तेच प्रश्न बंडखोरी ठरले. माणूस बदललं नव्हतं, प्रश्नही बदलले नव्हते. बदललं होतं ते घराने तिला दिलेलं स्थान. आधी ती मानाची पाहुणी होती, आता घरातली सर्वांत धाकटी मुलगी, आणि धाकट्या मुलीने ऐकायचं असतं.

मिस बील

या सगळ्यात एक बाई वेगळी वागली. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी रमाबाईंशी वाद घातला, शंकांना उत्तरं दिली, पण आज्ञा केली नाही. जेराल्डिन यांना त्या समजावत राहिल्या की ही तत्त्वज्ञानात वाढलेली बाई आहे, तिला विचार करायला वेळ दिला पाहिजे, नुसत्या अधिकाराने तिला काही पटणार नाही. रमाबाईंच्या डोक्याची कुवत त्यांनी ओळखली होती आणि त्याच पातळीवर त्या तिच्याशी बोलल्या.

रमाबाई ख्रिस्ती विश्वासात टिकल्या याचं श्रेय मी बऱ्याच अंशी बील यांना देते. वाँटेजने दार उघडलं, पण दार उघडल्यावर आतल्या माणसाला मोठं होऊ देणारं कुणीतरी लागतं. आपल्या मंडळ्यांत पाळकांवर सगळा भार असतो. रविवारची उपासना, अंत्यविधी, घरभेटी यांतून नव्या माणसाच्या शंकांना वेळ कुठून निघणार? मग शंका विचारणारा हळूहळू मागच्या बाकावर सरकतो आणि एक दिवस दिसेनासा होतो. अशा माणसासाठी एखादी बील नेमून द्यावी. शिक्षिका असेल, निवृत्त कारकून असेल, जिला प्रश्नांचा राग येत नाही अशी कुणीही. बाप्तिस्म्याच्या तयारीपेक्षा बाप्तिस्म्यानंतरची दोन वर्षं जास्त मोलाची आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

१८८६च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला हजर राहिल्या, आणि पुढे तिथेच विधवांच्या शाळेसाठी निधी गोळा केला. वाँटेजचं पर्व संपलं, पत्रं मात्र चालू राहिली. इतकं बोलणं होऊनही नातं तुटलं नाही, हेही त्या दोघींच्या नावावर जमा केलं पाहिजे.

पाहुणी यजमान होते

रमाबाईंनी वाँटेजकडून काय घेतलं आणि काय टाकलं, हे त्यांनी स्वतः घर काढल्यावर दिसलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथे येणाऱ्या विधवा मुलींना आपले जातीचे आचार, सोवळं-ओवळं, पूजा सगळं पाळायची मोकळीक होती. धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं, आणि सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. पुडिंगावरून ज्यांना ऐकून घ्यावं लागलं त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात कुणावर काही लादलं नाही.

पुण्यात त्या काळी ख्रिस्ती माणसाच्या हातचं खाणं-पिणं किती जड होतं याची कल्पना एका घटनेवरून येते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह पुण्यातली बडी मंडळी एका कार्यक्रमाला गेली. चहा-बिस्किटं समोर आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. त्या पुण्यात ख्रिस्ती बाईच्या घरी ब्राह्मण विधवा राहत, शिकत आणि आपलं सोवळं पाळत होत्या.

रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला घालवूनही दिलं नाही. १८९३ साली यावरून भडका उडाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, वीसहून अधिक मुली घरच्यांनी काढून नेल्या. ‘केसरी’ने कडक टीका केली. दार लावून घेतलं असतं तर हे टळलं असतं. पण आपल्याच घरात आपला देव लपवायचा, हे त्यांना जमलं नाही, आणि मला त्यांचं पटतं. यजमानाने पाहुण्यावर लादू नये, हे खरं. पण स्वतः कोण आहे तेही झाकू नये. सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई नातू. काही वर्षं त्या उघड्या दाराजवळ राहिली, शिकली, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, आनंदीबाई कर्वे झाली आणि आयुष्यभर हिंदू राहिली. शारदा सदनात ‘नाही’ म्हणता येत होतं याचा हा पुरावा.

केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल मात्र मला इतकं सहज बोलता येत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, कारण उपासमार काय असते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तिथून आणलेल्या मुली पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे ठेवता येईनात, म्हणून दौंडच्या वाटेवरच्या केडगावात त्यांनी घेतलेल्या जमिनीवर हलवल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, छपाई, सगळं बायकांनी चालवलं. ‘कृपा सदन’ही निघालं, फुलहॅमला पाहिलेल्या बायकांसारख्याच बायकांसाठी. त्या मुलींपैकी कितीतरींना दुसरं कुणी घरात घेणार नव्हतं.

पण मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, उपासना हा दिनक्रमाचा भाग होता, आणि तिथे मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. गोदूबाईला भाऊ होता, माहेर होतं. नको वाटलं असतं तर ती परत जाऊ शकली असती. रेल्वेने आणलेल्या, आई-बाप मेलेल्या दहा वर्षांच्या पोरीला परत जायला गावच उरलेलं नव्हतं. तिचा ‘हो’ तिचा स्वतःचा किती, हे कसं ठरवायचं? रमाबाईंच्या हेतूबद्दल मला तिळभर शंका नाही. तरीही जी मुलगी भुकेने आली आहे तिला आधी जेवण, अंथरूण आणि अक्षरओळख द्यावी, आणि बाप्तिस्म्याचा विषय ती हातापायांवर उभी राहून, बाहेर कुठे जाऊ शकेल एवढी सक्षम होऊन, आपण होऊन विचारेपर्यंत काढू नये, असं माझं मत आहे. वसतिगृहं आणि अनाथालयं चालवणाऱ्या आपल्या आजच्या संस्थांनी हा नियम लेखी करावा. मुलीने बाप्तिस्मा घेतला नाही तरी तिची खोली, तिची फी आणि तिचं ताट यांत काही फरक पडणार नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच तिला तिच्या भाषेत सांगितलं जावं, आणि वॉर्डनपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांना ते माहीत असावं.